दस्तऐवजी छायाचित्रण : समाजाचे चित्र, गावाची नोंद

महसूल खात्याशी ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांना ‘दस्तऐवज’ हा शब्द नव्याने समजावून सांगण्याचे कारण नाही. सातबाराचा उतारा असो, फेरफाराची नोंद असो की तलाठ्याने बांधावर उभे राहून केलेला पंचनामा असो, कोणी, कोठे, केव्हा आणि कोणासमक्ष लिहिले याची नोंद असते म्हणूनच त्या कागदाला मोल येते. तारीख नसलेला, स्थळ नसलेला आणि पंचांच्या सह्या नसलेला पंचनामा कितीही सुबक अक्षरात लिहिलेला असला तरी तो नुसता कागदच राहतो. छायाचित्राचेही तसेच आहे. माहिती खात्यात बरीच वर्षे काढल्यानंतरही प्रस्तुत लेखकाला ही साधी गोष्ट उमगली नव्हती. ती एका छायाचित्राने शिकविली. त्याची हकीकत लेखाच्या अखेरीस येईल.

ज्या प्रकाराचा येथे विचार करावयाचा आहे त्याला इंग्रजीत ‘डॉक्युमेंटरी’ म्हणतात. जॉन ग्रिअरसन यांनी १९२६ मध्ये रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या ‘मोआना’ या चित्रपटाचे परीक्षण करताना हा शब्द वापरला आणि तो पुढे रूढ झाला. चित्रपटाच्या बाबतीत मराठीने त्यासाठी ‘अनुबोधपट’ आणि ‘माहितीपट’ असे शब्द केले. त्यांपैकी ‘अनुबोध’ मला अधिक आवडतो, कारण त्यात माहितीबरोबर जाणही येते. परंतु तो आता मागे पडला आहे. स्थिर चित्रासाठी मात्र असा एकच शब्द सर्वमान्य झालेला दिसत नाही, म्हणून येथे ‘दस्तऐवजी छायाचित्रण’ असे म्हटले आहे. एखादा समाज कसा राहतो, कोणते काम करतो, कशाने अडतो आणि कशाने सावरतो, हे जे छायाचित्र पुढील पिढीला प्रामाणिकपणे दाखवू शकते, ते दस्तऐवजी होय.

यात कला कोठे आहे?

यंत्राने घेतलेल्या चित्राला कला म्हणावे काय, हा वाद छायाचित्रणाच्या जन्माइतकाच जुना आहे. त्यात फार शिरण्याचे कारण नाही. एक उदाहरण पुरे. टंचाईच्या दिवसांत गावात पाण्याचा टँकर येतो. एक छायाचित्रकार टँकरसमोर उभा राहतो. त्याच्या चित्रात टँकर, त्यावरील फलक, शेजारी पदाधिकारी आणि मागे गर्दी येते. दुसरा छायाचित्रकार टँकर येण्यापूर्वी दोन तास पोहोचतो. रस्त्याच्या कडेला हंडे, घागरी, प्लॅस्टिकचे कॅन आणि ज्यांच्याकडे जादा भांडे नाही त्यांनी आपला नंबर धरण्यासाठी ठेवलेले दगड, अशी लांबच लांब रांग लागलेली आहे. माणूस एकही नाही, कारण प्रत्येकाच्या मागे दुसरे काम आहे. तो या रांगेचे चित्र घेतो. दोन्ही चित्रे खरीच. परंतु टंचाईमुळे घरातील बाईच्या दिवसातून किती वेळ निघून जातो, हे दुसऱ्या चित्रात दिसते, पहिल्यात दिसत नाही. कोठे उभे राहावयाचे, किती आधी जावयाचे, चौकटीत काय घ्यावयाचे आणि काय सोडावयाचे, या निर्णयांत कला आहे. उजेड, सावली आणि रचना ही तिची साधने. ती शिकता येतात. थांबणे शिकविणे अवघड आहे, विशेषतः ज्याला पुढील कार्यक्रमाला पोहोचावयाचे असते त्याला.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर एकच चित्र येथे कधीच पुरणार नाही. अहिल्यानगर (२०२४ च्या नामांतरापूर्वीचा अहमदनगर) हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. १७,०४८ चौरस किलोमीटर आणि १४ तालुके. जुलैच्या एकाच सकाळी अकोले तालुक्यात कळसूबाईच्या पायथ्याशी गुडघाभर चिखलात भातलावणी चाललेली असते, आणि त्याच सकाळी पाथर्डी किंवा जामखेडकडील शेतकरी मोकळ्या आभाळाकडे पाहत पेरणी आणखी आठ दिवस पुढे ढकलीत असतो. राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव या कालव्याखालील भागात उसाला पाणी सुटलेले असते. लोणी येथे १९५० मध्ये पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि कारखान्याची चिमणी हे जिल्ह्याच्या प्रगतीचे चित्र ठरले. ते योग्यच आहे. परंतु दसरा झाला की त्याच कारखानदारीच्या ओढीने पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून कोयता, चूल आणि लेकरे गाडीत घालून जी कुटुंबे निघतात, फडाशेजारी कोपी उभारून राहतात, ती चिमणीच्या चित्रात येत नाहीत. समाजाचे चित्र म्हणजे ही दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवणे.

राज्यकर्त्यांचा कॅमेरा

मुंबईत छायाचित्रण फार लवकर आले. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मध्ये झाली. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही लवकरच निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीतील प्रमुख एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी एक होत. म्हणजे कॅमेरा ही केवळ साहेबाची मक्तेदारी होती असे म्हणता येणार नाही. पण समाजाची छायाचित्रे मोठ्या प्रमाणावर घेण्याचा पहिला उद्योग राज्यकर्त्यांनी केला. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून प्रसिद्ध झाला. त्यात ४६८ छायाचित्रे आहेत. १८५७ नंतर ज्या लोकांवर राज्य करावयाचे ते लोक कोण, हे जाणून घेण्याची निकड त्यामागे होती. चित्रातील मनुष्य बहुधा स्वतःच्या नावाने येत नाही. तो जातीचा किंवा जमातीचा नमुना म्हणून येतो, आणि शेजारच्या मजकुरात त्या संपूर्ण समूहाचा स्वभाव दोन-चार वाक्यांत निकालात काढलेला असतो.

लगेचच १८७६-७८ चा महादुष्काळ आला. दख्खनचे जिल्हे आणि मद्रास इलाखा त्यात होरपळून निघाले. मद्रासकडील लष्करी अधिकारी डब्ल्यू. डब्ल्यू. हूपर याने घेतलेली भुकेल्या माणसांची छायाचित्रे आजही पाहवत नाहीत. हाडांचे सापळे झालेल्या स्त्री-पुरुषांना व मुलांना ओळीने बसवून ती घेतलेली आहेत. चित्र घेतल्यावर या माणसांसाठी काय केले, असा प्रश्न हूपरवरील टीकेत त्या काळीच उपस्थित झाला. तो प्रश्न नंतरच्या प्रत्येक दुष्काळात, प्रत्येक छायाचित्रकाराला लागू पडत आला आहे.

दोन उदाहरणे

अमेरिकेतील दोन उदाहरणे आपल्यासारख्या शासकीय वाचकांनी मुद्दाम पाहावीत. लुईस हाइन हा मूळचा शिक्षक. १९०८ पासून त्याने राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी गिरण्या, खाणी आणि काचकारखान्यांत काम करणाऱ्या मुलांची छायाचित्रे घेतली. आत प्रवेश मिळावा म्हणून तो कधी विक्रेता बने, कधी यंत्रांची चित्रे घेणारा. मुलाचे नाव, वय, मजुरी व कामाचे तास तो टिपून ठेवी. वयाबद्दल शंका असल्यास आपल्या अंगरख्याच्या कितव्या गुंडीपर्यंत मुलाचे डोके पोहोचते यावरून उंची मोजून घेई. त्यामुळे कारखानदारांना ही चित्रे बनावट आहेत असे म्हणणे जड गेले. अमेरिकेत मुलांच्या कामावर देशव्यापी बंधने घालणारा कायदा टिकण्यास १९३८ साल उजाडले, परंतु त्यासाठी लोकमत तयार करण्यात या चित्रांचा वाटा मोठा होता.

दुसरे उदाहरण तर सरळसरळ एका सरकारी प्रसिद्धी शाखेचे आहे. महामंदीच्या काळात, १९३५ पासून, रॉय स्ट्रायकर या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली अमेरिकेच्या शेतीविषयक यंत्रणेने छायाचित्रकार खेड्यापाड्यांत पाठविले. निघण्यापूर्वी त्या भागातील पिके, जमीनधारणा आणि बाजार यांविषयी वाचून जावे, असा स्ट्रायकरचा आग्रह असे; काय पाहावयाचे याची लेखी टिपणे तो देई. पावणेदोन लाखांच्या आसपास कृष्णधवल निगेटिव्ह आज तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. त्यांतील सर्वांत गाजलेले चित्र म्हणजे डोरोथिया लँग हिने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे घेतलेले ‘स्थलांतरित माता’. जगातील कोणत्याही दुष्काळाची वा मंदीची चर्चा निघाली की ते समोर येते. मात्र लँगने त्या स्त्रीचे नाव विचारले नव्हते. तब्बल ४२ वर्षांनी, १९७८ मध्ये, ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन असल्याचे उघड झाले. ती चेरोकी या मूळ अमेरिकन जमातीची होती. चित्रासोबत हे कधीच आले नव्हते. चित्र जगभर गेले, आपल्याला त्यातून काही मिळाले नाही आणि आपले नावही कोणी विचारले नाही, अशी तिची तक्रार होती. कलेच्या दृष्टीने लँगचे चित्र हाइनच्या कित्येक चित्रांहून श्रेष्ठ ठरेल. दस्तऐवज म्हणून मात्र मी हाइनच्या बाजूने उभा राहीन.

आपल्याकडे

भारतात या परंपरेतील पहिले मोठे नाव सुनील जाना यांचे घ्यावे लागेल. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची त्यांची छायाचित्रे मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ या पत्रातून देशापुढे आली. किशोर पारेख यांनी १९६६-६७ मधील बिहारचा दुष्काळ टिपला. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर मातीत पुरल्या जाणाऱ्या एका बालकाचे छायाचित्र रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही घेतले. साऱ्या जगाने पाहिलेले ते मूल कोणाचे, हे मात्र समजले नाही.

महाराष्ट्रातील कामाकडे वळले की तीन नावे मला आवर्जून सांगावीशी वाटतात. सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांबरोबर अनेक वर्षे काढून त्यांचे काम व त्यांची घरे चित्रित केली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत हिंडून ग्रामीण स्त्रियांच्या श्रमांची छायाचित्रे घेतली आणि त्यांचे प्रदर्शन शहरांतील कलादालनांपुरते न ठेवता लोकांच्या वर्दळीच्या जागी नेले. पेरणी, खुरपणी, वेचणी, पाणी, सरपण, शेण, भाकरी ही सारी कामे आपण रोज पाहतो, म्हणूनच ती दिसत नाहीत, हे त्या प्रदर्शनाचे सूत्र. आणि तिसरे संदेश भंडारे. त्यांची ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ व ‘वारी : एक आनंदयात्रा’ ही पुस्तके प्रत्येक तालुका ग्रंथालयात असावयास हवीत. तमाशाचा फड रंगमंचावर आपण सारेच पाहतो. राहुटीतील, प्रवासातील, खेळ संपल्यानंतरचा फड पाहण्यासाठी फडाबरोबर हिंडावे लागते. या विषयाशी आपल्या जिल्ह्याचे नाते जुने आहे. शाहीर अनंत फंदी संगमनेरचे. कांताबाई सातारकर यांचे २०२१ मध्ये निधन झाले तेही संगमनेरलाच. वारीचे म्हणाल तर त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी संगमनेर, राहुरी, नगर असा आपला जिल्हा तुडवीतच पंढरीला जाते. वर्षानुवर्षे त्याच वाटेवर, त्याच मुक्कामी एखाद्या शाळेतील शिक्षकाने वारीची छायाचित्रे घेतली असती, तर पायांतील वहाणांपासून खांद्यावरील पिशवीपर्यंत काय काय बदलले याचा केवढा ठेवा आज हाती असता!

जामखेडची गोष्ट वेगळी आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातील, बहुधा निरक्षर व बऱ्याचशा दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने डिसेंबर २००८ च्या अंकात या सेविकांवर लेख दिला. त्याची छायाचित्रे लिन जॉन्सन यांची होती. अमेरिकेहून एक छायाचित्रकार जामखेडच्या खेड्यांत येते आणि तेथील सेविकांना जगापुढे नेते, याचा अभिमान वाटतो, आणि थोडे ओशाळल्यासारखेही होते. त्याच जिल्ह्यात आमचेही कॅमेरे होतेच.

फीत, समई आणि शाल

आमचे कॅमेरे काय करीत होते, हे कबूल केले पाहिजे. शासकीय छायाचित्रात फीत कापली जाते, समई पेटते, शाल खांद्यावर पडते. उद्घाटन ही घटना आहे आणि तिची नोंद व्हावयास हवी. तो आमच्या कर्तव्याचाच भाग आहे. परंतु ज्या पाझर तलावाचे उद्घाटन झाले त्याची माती कोणी वाहिली, तो भरल्यावर खालच्या विहिरींचे पाणी किती वर आले, तिसऱ्या वर्षी सांडव्याचे काय झाले, याची चित्रे शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते.

१९७२ चा दुष्काळ घ्या. जिल्ह्यातील कोणत्याही वृद्ध माणसासमोर ‘बहात्तर’ हा शब्द उच्चारा. सुकडी, मिलो, खडी फोडणाऱ्या बायकांच्या हातांवरचे फोड, कामावरच निजविलेली तान्ही मुले, सारे ओघाने येते. रोजगार हमीची कल्पना याच दुष्काळाच्या कामांतून राज्यभर विस्तारली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे देशाने तीच वाट धरली. एवढी मोठी घटना ज्यांच्या हातांनी घडली त्यांच्या घरी मात्र तिचे एकही चित्र सहसा नसते. कॅमेरा तेव्हा तालुक्याच्या गावी, स्टुडिओत असे. घरातील भिंतीवर लग्नाचे जोडपे आणि दिवंगत वडील, एवढीच छायाचित्रे. आजही मोबाईलमध्ये हजारो चित्रे भरलेली असताना खुरपणीचे, धारेचे, मोटार दुरुस्तीचे चित्र घरच्या संग्रहात क्वचितच सापडते. काम हे छायाचित्र काढण्याजोगे आहे, असे आपल्याला वाटतच नाही.

याच्या उलट टोकाला गेल्या दहा वर्षांतील एक प्रकार आहे. ग्रामीण रोजगार हमीच्या कामांचे २०१६ पासून भू-अंकन सुरू झाले. कामापूर्वीचे, चालू असतानाचे व पूर्ण झाल्यावरचे चित्र घेतले जाऊ लागले. २०२३ च्या आरंभापासून, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, मजुरांचे दिवसातून दोन वेळा छायाचित्र घेऊन हजेरी नोंदविणे सक्तीचे झाले. कष्टकरी भारताची इतकी छायाचित्रे पूर्वी कधीच निघाली नसतील. त्यांवर स्थळ आहे, वेळ आहे. दस्तऐवजाच्या दोन अटी पुऱ्या होतात. गैरव्यवहाराला आळा घालण्यासाठी त्यांचा उपयोग असेल, त्याविषयी येथे बोलावयाचे नाही. परंतु ओळीत उभी केलेली ही माणसे पाहताना मला १८६८ चे ते आठ खंड आठवतात. तेथेही मनुष्य समोर होता आणि त्याची गोष्ट नव्हती.

गावाने करावयाचे काम

पाणलोटाच्या कामासाठी आपला जिल्हा देशात ओळखला जातो. अण्णा हजारे १९७५ मध्ये राळेगणसिद्धीला परतले. हिवरे बाजारचे सरपंचपद १९८९ मध्ये पोपटराव पवार यांच्याकडे आले. आज पाहुण्यांना तेथे हिरवी टेकडी दिसते. पूर्वीची उघडी टेकडी शब्दांनी सांगावी लागते. ज्या गावांना आता हा मार्ग धरावयाचा आहे त्यांनी कुदळ मारण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, आणि तेही असे की पुन्हा तेथेच उभे राहून घेता येईल. अमेरिकेत १९७७ पासून काही छायाचित्रकारांनी शंभर वर्षांपूर्वीच्या भूमापन छायाचित्रांच्या नेमक्या जागा शोधून, तोच ऋतू व तीच वेळ साधून, पुन्हा चित्रे घेतली. आपल्याला एवढ्या सायासाची गरज नाही. वेशीजवळचा एखादा दगड, शाळेच्या ओट्याचा कोपरा, तलावाच्या बांधाचे टोक अशा न हलणाऱ्या जागा ठरवून तेथे रंगाची खूण करावी. मे अखेरीस एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा, एवढे पुरे. सातवी-आठवीची मुले हे काम उत्तम करतात. मात्र वही शिक्षकांनी सांभाळावी, कारण कॅमेऱ्यापेक्षा वही महत्त्वाची आहे.

वहीत काय लिहावे? गाव, वस्ती, तारीख, घेणाऱ्याचे नाव, चित्रातील माणसांची नावे त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, आणि ती त्या वेळी काय करीत होती. ‘शेतकरी महिला’ असे लिहू नये. ज्यांचे चित्र आहे त्यांना ते दाखवून विचारावे. नको म्हणाल्यास ठेवू नये. मुलांच्या बाबतीत पालकांना विचारावे. रुग्णशय्या, अंत्यविधी, अत्याचारपीडितांची घरे येथे कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी हात थांबला पाहिजे. जुन्या चित्रावर ‘अहमदनगर’ लिहिलेले असेल तर ते खोडू नये, शेजारी नवे नाव लिहावे. जुनी अक्षरे हाही पुरावाच आहे. छापील चित्रामागे मऊ पेन्सिलीने लिहावे, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. चिकट प्लॅस्टिकची पाने असलेले अल्बम जुन्या चित्रांचा घात करतात. निगेटिव्ह पावसाळ्यात बुरशीने जातात, म्हणून कोरड्या जागी, कागदी पाकिटात ठेवाव्यात. व्हॉट्सॲपवरून आलेले चित्र मूळ समजू नये. त्यात चित्राचा दर्जा उतरतो आणि तारीख-स्थळाची आतील माहिती गळून पडते. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवावी आणि वर्षाकाठी निवडक वीस-पंचवीस चित्रे कागदावर छापून घ्यावीत. घेणाऱ्याचे नाव विसरू नये. १९५७ च्या कायद्यानुसार प्रसिद्ध झालेल्या छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. परंतु कायद्यासाठी नव्हे, तर कोणाच्या नजरेने हे गाव पाहिले ते पुढे कळावे म्हणून.

छावणीतील चित्र

आता आरंभी उल्लेखिलेली हकीकत. २०१८-१९ च्या दुष्काळात जिल्ह्यात ठिकठिकाणी चारा छावण्या उघडल्या होत्या. मे २०१९ मध्ये पाथर्डी तालुक्यातील एका छावणीला मान्यवरांनी भेट दिली, त्या दौऱ्यात मी कॅमेरा घेऊन होतो. दीडशेच्या आसपास छायाचित्रे घेतली. सहा प्रसिद्धीस दिली. सहाही चित्रांत गाईला चारा भरविणारे मान्यवर होते. परत निघता निघता मी एक चित्र केवळ स्वतःसाठी घेतले. शेडनेटच्या सावलीत, उसाच्या वाढ्यांच्या ढिगाशेजारी बाजेवर बसून एक वृद्ध शेतकरी कासरा वळीत होता आणि मागे उभ्या बैलाने त्याच्या खांद्याला तोंड लावले होते. “साहेब, मला धाडा बरं का फोटो,” असे ते म्हणाले. मी नाव-गाव दौरा कार्यक्रमाच्या कागदामागे लिहून घेतले. तो कागद मी हरवला.

पाच वर्षांनी टंचाईविषयक छायाचित्रांची निवड चालू असताना ते चित्र सर्वांना आवडले. खाली ओळ घालावयाची वेळ आली तेव्हा मी ‘दुष्काळग्रस्त शेतकरी, पाथर्डी तालुका’ असे लिहिले, आणि लिहिताना हात जड झाला. चित्राची प्रत घेऊन एका रविवारी मी त्या बाजूच्या आठवडे बाजारात गेलो. छावणीत सात-आठ गावांची जनावरे होती. माणूस कोणी ओळखीना. शेवटी चहाच्या टपरीवरील एकाने चित्र डोळ्यांजवळ नेले आणि म्हणाला, “माणूस नाही ध्यानात येत. पण ह्यो बैल मला ठावा आहे. डावं शिंग बघा ना.”

शिंगाच्या खुणेवरून गाव लागले, गावावरून वस्ती. म्हातारबाबा ओट्यावर बसलेले होते. मी चित्र हातात दिले आणि उशिराबद्दल क्षमा मागितली. त्यांनी स्वतःकडे पाहिलेच नाही. “हा आमचा सर्ज्या,” ते म्हणाले, आणि घरातील सर्वांना हाक मारून बोलाविले. मग त्यांनी खालची ओळ नातवाकडून वाचून घेतली आणि पुन्हा एकदा वाचावयास लावली.

“दुष्काळग्रस्त कशाचा?” त्यांनी विचारले. “मातीच्या मोलानं विकला असता तर मी घरी जाऊन निजलो असतो की. व्यापारी दारात येऊन बसला होता. इकायचा नव्हता म्हणून अडीच महिनं छावणीत ऱ्हायलो. तिथं मच्छर, तिथं ऊन. कासरा तरी कुणाचा? शेजारच्या गावच्या पोराचा. त्याला वळता येत नव्हता.”

मी वही काढली. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. बैलाचे नाव, तो कोणत्या बाजारातून व किती रुपयांना घेतला ते, शिंगाला मार कसा लागला ते, छावणीत दाखल झाल्याची तिथी, निघाल्याची तिथी, शेजारच्या पोराचे गाव. सर्वांत शेवटी मी त्यांचे स्वतःचे नाव विचारले, तेव्हा ते म्हणाले, “लिहा आता. पण बैलाच्या खाली लिहा.” चित्राखालील ओळ आता सात ओळींची झाली आहे आणि क्रम त्यांनी सांगितला तोच ठेवला आहे.